पेशीची कड

१८४५ मध्ये बर्लिनला रुडॉल्फ फिर्खो आणि एडिनबरोला जॉन ह्यूजेस बेनेट यांनी स्वतंत्रपणे एकाच विकाराची नोंद केली. पांढऱ्या पेशींच्या त्या बेसुमार वाढीला फिर्खो यांनी १८४७ मध्ये ‘ल्युकेमिया’ म्हटले. पुढे शंभराहून अधिक वर्षे निदानाची भिस्त सूक्ष्मदर्शकातून पेशी मोजून थकणाऱ्या डोळ्यांवरच राहिली.

हे काम यंत्राला शिकवताना पहिली अडचण रोग ओळखण्याची नव्हती. पेशी कुठे संपते, हेच यंत्राला कळत नव्हते. १९६६ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ प्रेविट आणि मॉर्टिमर मेंडेलसन यांनी पेशीच्या प्रतिमेतल्या करड्या छटांचा आलेख मांडला. त्यातल्या दोन उंचवट्यांमधली दरी म्हणजे सीमा. तिच्या आधारे केंद्रक, पेशीद्रव्य आणि पार्श्वभूमी वेगळी करता आली.

आजच्या प्रणाली उदाहरणांवरून शिकतात. २०११ मध्ये इटलीतून खुल्या झालेल्या ‘एएलएल-आयडीबी’ संग्रहाच्या एका भागात १०८ प्रतिमा आहेत; त्यांतल्या रोगट पेशींवर खुणा केल्या त्या तज्ज्ञ डॉक्टरांनीच. पण प्रयोगशाळा बदलली की रंगद्रव्याची छटा बदलते, कॅमेरा बदलतो आणि शिकलेले यंत्र चुकू शकते. म्हणून यंत्राने संशयित ठरवलेली काचपट्टी आजही पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाते.