मॉन्टी पायथन आणि कापलेली २४ मिनिटे #थ्रेड

१/ नकोशा ईमेलला ‘स्पॅम’ हे नाव मॉन्टी पायथनच्या १९७० मधील प्रहसनावरून पडले, हे बहुतेकांना ठाऊक असते. या ब्रिटिश विनोदी चमूचा अधिक गंभीर वारसा मात्र न्यूयॉर्कमधील एका खटल्यात आहे.

२/ ५ ऑक्टोबर १९६९ रोजी बीबीसीवर सुरू झालेल्या त्यांच्या मालिकेने प्रहसनाचा जुना साचा मोडला. शेवटी हमखास हशा मिळवणारे वाक्य त्यांनी टाकूनच दिले. एक प्रसंग अर्ध्यावर सुटे, टेरी गिलियमची चित्रे सरकत येत आणि त्यांतूनच दुसरा प्रसंग उगवे. अशा रचनेला मधूनच कात्री लावली, तर उरतो तो केवळ गोंधळ.

३/ अमेरिकेच्या एबीसी वाहिनीने १९७५ मध्ये नेमके तेच केले. ९० मिनिटांतून २४ मिनिटे वगळली. काही जाहिरातींसाठी, काही आक्षेपार्ह म्हणून. चमू न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला.

४/ ३० जून १९७६ रोजी अपील न्यायालयाने तो दिला. लेखकाचे ‘नैतिक अधिकार’ अमेरिकी कायदा तेव्हा मानत नव्हता. म्हणून आधार घेतला गेला तो व्यापारचिन्हांच्या कायद्याचाही: मोडतोड केलेली कृती मूळ लेखकांच्या नावावर खपवणे म्हणजे त्यांची खोटी ओळख करून देणे. (मालावरच्या फसव्या नावांसाठीचा कायदा विनोदाच्या मदतीला धावला, हा योग पायथनलाच शोभणारा!)

५/ पुढील तडजोडीने अमेरिकेतील प्रक्षेपणावर चमूचेच नियंत्रण आले. कॉपीराइटच्या अभ्यासात ‘गिलियम विरुद्ध एबीसी’ आजही शिकवला जातो.