बुरशीच्या बशीतील आम्ल

वनस्पतींना रोग जडवणाऱ्या बुरशा प्रयोगशाळेत वाढवण्याच्या विद्येत आम्लाला पहिले स्थान मिळाले ते पहारेकऱ्याचे. रोगट पानाचा तुकडा पोषक माध्यमावर ठेवला असता बुरशीच्या आधी बहुधा जिवाणूच फोफावतात. परंतु बहुतेक जिवाणूंना तीव्र आम्ल सोसत नाही आणि बहुसंख्य बुरशा त्यात तग धरतात, या भेदाच्या आधारे माध्यम आंबट करण्याची रीत रूढ झाली.

ते किती आंबट असावे, हे मात्र दीर्घकाळ नेमके सांगता येत नव्हते, कारण आम्ल निष्प्रभ होईपर्यंत आम्लारी थेंबाथेंबाने घालून मोजण्याच्या, म्हणजे अनुमापनाच्या, पद्धतीने आम्लाचा एकूण साठा कळे, त्याची प्रत्यक्ष तीव्रता कळत नसे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर आधारलेली मोजपट्टी मांडली, जिला मराठीत सामू म्हणतात. तीत ७ हा उदासीन बिंदू असून अंक एकाने उतरला की तीव्रता दहापट वाढते. बिअर उद्योगाच्या आश्रयाने जन्मलेले हे माप क्लार्क आणि लब्ज यांनी १९१७ मध्ये रंग बदलणाऱ्या दर्शकांच्या साहाय्याने सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना सुलभ करून दिले, आणि १९२२ मध्ये वाक्समन यांनी मातीतील बुरशा मोजण्यासाठी सामू ४ चे माध्यम वापरले.

रोगशास्त्राच्या प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या बटाटा-डेक्स्ट्रोज आगराचा सामू सुमारे ५.६ असतो, आणि जिवाणू रोखायचे असल्यास तो टार्टारिक आम्लाने ३.५ पर्यंत उतरवतात. मात्र आगर, म्हणजे समुद्री शेवाळातून मिळणारा थिजवणारा पदार्थ, आम्लात तापवल्यास विघटित होऊन नीट थिजत नाही, म्हणून आम्ल निर्जंतुकीकरणानंतर, माध्यम कोमट झाल्यावरच घालावे लागते.

परंतु अमुक बुरशीला अमुक सामू मानवतो, असे केवळ सुरुवातीच्या अंकावरून म्हणणे धोक्याचे आहे, कारण बुरशी वाढता वाढता आपले माध्यम स्वतःच बदलते: नायट्रेट शोषले गेले की सामू साधारणतः चढतो, अमोनियम शोषले गेले की उतरतो. म्हणूनच वाढीच्या अखेरचा सामूही नोंदवणे अत्यावश्यक ठरते. स्क्लेरोटिनिया या पांढऱ्या कुजीच्या बुरशीत तर हा बदल रोगाच्याच मुळाशी जातो, कारण डी बारी यांनी १८८६ मध्येच अभ्यासलेली ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल स्रवते, आणि प्रयोगशाळेतील माध्यम आंबट करणारे तेच आम्ल सूर्यफुलाच्या वा घेवड्याच्या पेशीभित्तिकेतील कॅल्शियम बांधून घेऊन, पेक्टिन विरघळवणाऱ्या विकरांना अनुकूल आंबटपणा निर्माण करून, यजमान वनस्पतीत शिरण्याची वाट मोकळी करते.