कालाकुंड : घाटपायथ्याचे एक स्थानक

इंदूर आणि महू येथील मराठी कुटुंबांच्या जुन्या आठवणींत कालाकुंड हे गाव फारसे नसते. कालाकुंडचे स्थानक मात्र हमखास असते. खंडव्याहून निघालेली मीटर गेजची गाडी नर्मदेचा पूल ओलांडून, बडवाह आणि चोरल मागे टाकून विंध्याच्या पायथ्याशी येई आणि येथे विसावे. पुढे माळव्याच्या पठारावर चढणारा घाट असे. त्या चढणीसाठी गाडीच्या मागे आणखी एक इंजिन लागे आणि ते जोडून होईपर्यंत डब्यांच्या खिडक्यांशी पळसाच्या पानांवर कलाकंद येऊन पोहोचे. गावावरून मिठाईला नाव मिळाले की मिठाईवरून गावाला, हा वाद मुले महू येईपर्यंत पुरवीत.

आज कालाकुंडला नियमित प्रवासी गाडी येत नाही. ज्या कारणासाठी हे स्थानक उभे राहिले ते कारणच रेल्वेला उरलेले नाही, आणि त्याच्या आधाराने जी वस्ती जगत होती तिच्या गरजा मात्र तशाच आहेत.

या मार्गाचा आरंभ होळकरांच्या दरबारात सापडतो. 1870 च्या मार्चमध्ये मुंबई आणि कलकत्ता ही शहरे अलाहाबादमार्गे लोहमार्गाने जोडली गेली आणि त्या मार्गावरील खंडव्याला एकाएकी महत्त्व आले. माळव्याचा कापूस आणि अफू तोवर बैलगाड्यांतून आणि लमाणांच्या तांड्यांतून घाट उतरत असे. खंडव्यापासून इंदूरपर्यंत रूळ आले तर हा माल थेट मुंबईच्या बंदरात जाणार होता. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्याच वर्षी या कामासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. व्याज साडेचार टक्के, म्हणजे वर्षाकाठी साडेचार लाख रुपये, आणि मुदत 101 वर्षांची. एका संस्थानिकाने सार्वभौम सत्तेला कर्ज द्यावे आणि मुदत एका शतकाहून अधिक ठेवावी, यात व्यवहारदृष्टी होती तशी आपले राज्य तितकी वर्षे टिकेल ही खात्रीही होती. प्रत्यक्षात मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी, 1948 मध्ये, संस्थान मध्य भारतात विलीन झाले.

इंग्रज सरकारला या मार्गाची निकड वेगळ्या कारणानेही होती. 1818 च्या मंदसौर तहानंतर महूला लष्करी छावणी बसली होती आणि 1857 च्या जुलैमध्ये तेथील पलटणींनी बंड केले होते. मुंबईहून फौज चटकन पोहोचवता येणे ही गोष्ट त्यानंतर कोणी विसरले नाही. तुकोजीरावांच्या औदार्याची कथा सांगताना छावणीचा हा भाग बहुधा गाळला जातो. तो गाळू नये.

खंडवा ते सनावद हा पहिला टप्पा 1 डिसेंबर 1874 रोजी खुला झाला. त्या वेळी इंदूरचे दिवाण होते सर टी. माधवराव, तंजावरच्या मराठी परंपरेतील कुंभकोणम येथे जन्मलेले. नर्मदेवरील पूल 5 ऑक्टोबर 1876 रोजी तुकोजीरावांच्या हस्ते वाहतुकीस खुला झाला आणि पुढील काही काळातच रूळ इंदूरला पोहोचले. रुळांतील अंतर एक मीटर ठेवण्यात आले, कारण रुंद मार्गापेक्षा तो स्वस्त पडे आणि डोंगरात वळणे घेणे सोपे जाई. लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत हे माप ठरले तेव्हा देशभर दशमान पद्धत आणण्याचा सरकारचा विचार होता. बाजारातील वजनमापांत ती यायला 1950 चे दशक संपत आले. रुळांवरचा मीटर मात्र आठ दशके आधीच येऊन बसला होता. या स्वस्ताईचा भुर्दंड खंडव्याला पडला. तेथील मुख्य मार्ग रुंद होता, म्हणून माळव्याचे प्रत्येक पोते एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावे लागे.

खरा अवघड भाग पुढे होता. चोरल नदीच्या खोऱ्यातून पातालपाणीपर्यंत पठार गाठायचे, तर नऊ-साडेनऊ किलोमीटरांत दोनशे मीटरांहून अधिक उंची चढावी लागे. अभियंत्यांनी चाळीसास एक अशी चढण धरली; चाळीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. रस्त्यावरच्या बैलगाडीला हा चढ काहीच नाही. लोखंडी रुळावर फिरणाऱ्या लोखंडी चाकाला मात्र तो फार होतो, कारण रुळाला चाकाची पकड मुळातच कमी. पावसात ती आणखी सुटते. चार बोगदे, अनेक पूल आणि एकामागून एक वळणे घेत हा मार्ग दरीच्या कडेने वर नेला गेला. एवढ्या चढावर एकटे इंजिन पुरेसे नव्हते. मागून ठेलणारे दुसरे इंजिन हवे होते. ते इंजिन उभे राहावे, जोडले जावे आणि उतरून आल्यावर पुन्हा पुढील गाडीची वाट पाहावे, यासाठी घाटाच्या तोंडाशी जागा लागली. ती जागा म्हणजे कालाकुंड. आजूबाजूची भिल्ल-भिलाला वस्ती विरळ होती. स्थानकाची गरज होती ती इंजिनाला.

पण स्थानक एकदा झाले की ते केवळ इंजिनाचे राहत नाही. खोऱ्यात चांगला रस्ता नव्हता, म्हणून दूध, लाकूडफाटा, आजारी माणसे आणि महूच्या शाळेत जाणारी मुले गाडीनेच जाऊ लागली. इंजिन जोडण्यातला वेळ हा विक्रीचा वेळ झाला. खोऱ्यातील म्हशींच्या दुधाला महूपर्यंत नेईस्तोवर नासण्याचे भय असे. आटवून त्याचा कलाकंद केला की ते टिके आणि गिऱ्हाईक तर खिडकीशीच उभे असे. एका तांत्रिक अडचणीतून गावाला असा धंदा मिळाला.

1881-82 मध्ये होळकर रेल्वे राजपुताना-माळवा रेल्वेत सामावली गेली, पुढे तिचा कारभार बी.बी.सी.आय. कंपनीकडे आला आणि 1951 मध्ये ती पश्चिम रेल्वेत गेली. या बदलांनी कालाकुंडच्या दिनक्रमात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो स्वातंत्र्यानंतर खंडवा-हिंगोली दुवा जोडला गेल्यावर. अजमेरपासून सिकंदराबादपर्यंत मीटर गेजची सलग वाट झाली. मीनाक्षी एक्सप्रेस याच वाटेने घाट चढू-उतरू लागली आणि इंदूरच्या मराठी घरांना अकोला, वाशीम, हिंगोली, पूर्णा ही गावे एका गाडीच्या अंतरावर आली. लग्नकार्ये, दिवाळीचे माहेरपण, उन्हाळ्याच्या सुट्या यांची वर्दळ या रुळांवरून झाली. ओंकारेश्वरचे यात्रेकरू याच गाड्यांनी येत, आणि 14 एप्रिलच्या सुमारास वऱ्हाड-मराठवाड्यातून बाबासाहेबांच्या जन्मभूमीकडे, महूकडे, जाणारे अनुयायीही.

घाटाच्या माथ्यावर पातालपाणीला टंट्या मामांचे स्थान आहे. 1889 च्या डिसेंबरात जबलपूरला फाशी दिल्यानंतर टंट्या भिल्लांचा देह याच मार्गालगत आणून टाकला, अशी या भागातील श्रद्धा आहे, आणि त्यांना मान दिल्याखेरीज गाडी घाट उतरत नाही असे सांगितले जाते. उतरणीपूर्वी ब्रेक तपासण्यासाठी गाडी थांबवण्याचा रेल्वेचा नियम होता, असे जाणकार म्हणतात. दोन्ही गोष्टी एकाच थांब्यात सुखाने नांदल्या. चालक ब्रेकही पाहत आणि हातही जोडत.

देशभर रुळांचे एकच माप ठेवण्याचे धोरण 1990 च्या दशकात वेगाने अमलात येऊ लागले आणि ही सलग वाट तुकड्यातुकड्यांनी तुटली. 2008 पर्यंत अकोला-पूर्णा रुंद झाला, 2017 च्या आरंभी अकोला-खंडवा गाड्या थांबल्या. महू ते ओंकारेश्वर रोड एवढाच अवशेष उरला होता, त्यावरची वाहतूकही 2023 च्या प्रारंभी बंद झाली. चाळीसास एक हा चढ नव्या, जड गाड्यांना परवडणारा नाही. म्हणून महू ते बलवाडा हा रुंद मार्ग लांबचा वळसा घेऊन, मोठ्या बोगद्यांतून, सौम्य चढणीने नेण्याचे ठरले. त्या आखणीत कालाकुंड नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने निर्णय चूक म्हणता येणार नाही. ज्या चढाने हे स्थानक जन्माला घातले, तोच चढ टाळायचा होता. तरी खोऱ्यातील माणसांसाठी गाडीच्या जागी काय, याचे उत्तर आखणीबरोबरच शोधायला हवे होते, रूळ बंद पडल्यावर नव्हे.

घाटाचा तुकडा मात्र जपला गेला आहे. 2018 च्या नाताळापासून पर्यटकांसाठी वारसा गाडी सुरू झाली आणि पावसाळी दिवसांत इंदूरची कुटुंबे धबधबे पाहत कालाकुंडपर्यंत येतात. ती गाडी पर्यटकांच्या सोयीने येते-जाते. दुधाच्या किंवा शाळेच्या वेळेशी तिचा संबंध नाही. कलाकंद अजून मिळतो. गावातील बायकांच्या बचतगटानेही तो करून विकायला घेतला आहे. थोड्या वेळाने इंजिन सुटते, फिरून दुसऱ्या टोकाला जोडले जाते आणि गाडी आल्या वाटेने पातालपाणीकडे चढू लागते. चोरलच्या बाजूला आता कोणतीही गाडी जात नाही.