जिरेनियमचे माहेर

नव्या सुनेचे वागणे उमगले नाही, की जुनी माणसे विचारीत, "पोरीचे माहेर कुठले?" झाडाच्या बाबतीतही हाच प्रश्न आधी विचारावा, हे मला फार उशिरा कळले. त्या उशिराचा दोष मात्र इतकी वर्षे आमच्या आईने स्वतःच्या माथी घेतला होता.

आईचे माहेर हैदराबादचे. देगलूरहून तिकडे जाणारा रस्ता थेट. एका दिवाळीला माहेरपण करून परतताना तिने मावशीच्या गच्चीवरच्या जिरेनियमची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. अंगणातल्या काळ्या मातीने कुंडी भरून ती लावली. फाल्गुनात लाल फुलांचा गेंद आला तेव्हा शेजारणी बघायला आल्या. वैशाख कसाबसा निभावला. पण आषाढाची झड लागली आणि आठ दिवसांत देठ बुडापासून काळा पडला. दुसऱ्या वर्षी तेच झाले, तिसऱ्या वर्षीही तेच. "माझ्या हाताला गुण नाही," असे म्हणून आईने रिकामी कुंडी परसात पालथी घातली.

आता ह्या झाडाचे माहेर पाहू. ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप प्रांतात. ह्या कुळाच्या बहुतेक जाती तेथल्या नैर्ऋत्येकडच्या मुलखातल्या. त्या मुलखात पाऊस पडतो तो हिवाळ्यात, तोही बेताचा, आणि उन्हाळा कोरडा जातो. जमीन रेताड, खडकाळ. पाणी पडले की निथळून जाते. म्हणून ह्यांतल्या पुष्कळ झाडांनी आपल्या जाड, गरदार देठांत पाणी साठवून ठेवण्याची सवय लावून घेतली.

केपवरून जाणाऱ्या जहाजांतून सतराव्या शतकात ही झाडे युरोपात पोचली. 1631 च्या सुमारास जॉन ट्रेडस्कंट ह्या इंग्रज माळ्याने पॅरिसच्या एका रोपवाल्याकडून त्यांतली एक जात मिळवली. तिचे फूल दिसायला अगदी उदास, पण रात्री ते घमघमे. पुढे 1772 मध्ये लंडनजवळच्या क्यू येथील बागेने फ्रान्सिस मॅसन ह्याला खास झाडे गोळा करण्यासाठी केपला धाडले, आणि त्याच्या हातून आणखी कितीतरी जाती विलायतेत आल्या. तिथल्या खिडक्या त्यांनी लाल झाल्या. पुढे इंग्रज जिथे जिथे गेला, तिथे बंगल्याच्या पायऱ्यांवर ह्या कुंड्या आल्याच.

नावाची गंमत तर और आहे. 1753 साली लिनियसने हे सारे कुळ 'जिरेनियम' ह्या एकाच नावाखाली घातले. ग्रीक भाषेत 'गेरानोस' म्हणजे करकोचा. ह्या झाडांचे बोंड त्याच्या चोचीसारखे लांबट असते. 1789 साली फ्रेंच पंडित लेरितिए ह्याने आफ्रिकेची मंडळी निराळी काढून त्यांना 'पेलार्गोनियम' म्हटले. 'पेलार्गोस' म्हणजे बलाक पक्षी. शास्त्रज्ञांनी ते मानले, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. आम्हा देगलूरकरांना ह्याचे नवल वाटू नये. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, 1956 साली मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात. ह्या काळात आमच्या ओसरीवरची बोली कुणी बदलली नाही.

घरासाठी निवड करताना चार जाती ध्यानात ठेवाव्या. पानावर काळपट कडे असलेली साधी जात सर्वांत सोशिक. पहिली कुंडी तिचीच लावावी. वेलासारखी, चकचकीत पानांची जात टांगत्या कुंडीत शोभते, पण तिला दुपारची सावली हवी. मोठ्या, नक्षीदार फुलांची 'रीगल' जात मोहात पाडील. तिला कळ्या धरायला सलग थंडी लागते, तेव्हा आपल्या इकडे तिचा मोह टाळावा. चौथी सुवासिक पानांची. तिचे पान चुरगळले की गुलाबाचा वास येतो. तिच्या तेलासाठी निलगिरीच्या डोंगरांत विसाव्या शतकापासून लागवड झाली, आणि अलीकडे महाराष्ट्रातले शेतकरीही तिची शेती करून तेल गाळतात. तिलाही पावसाळ्याचेच भय. लखनौच्या 'सीमॅप' ह्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिची मातृरोपे पावसाळ्यात जगवण्यासाठी स्वस्त प्लॅस्टिकच्या आडोशाची रीत बसवली. ते वाचताना मला परसातली पालथी कुंडी आठवली. आईचे झाड उन्हाने गेले नव्हते आणि तिच्या हाताने तर नव्हतेच. ते गेले होते साचलेल्या पाण्याने.

म्हणून लागवड दिवाळीनंतर करावी. चार बोटे लांबीची, पेराखाली कापलेली फांदी घ्यावी, खालची पाने काढावी आणि अर्धा दिवस सावलीत सुकू द्यावी. ओले फडके मुळीच नको! आपल्या काळ्या मातीत निम्मी वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. कुंडीच्या भोकावर खापरी ठेवावी. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. वाळलेले गेंद खुडीत जावे. उन्हाळ्यात सकाळचे ऊन पुरे. मृगाचा पहिला ढग दिसला की कुंडी उचलून ओसरीवर घ्यावी, ती दसऱ्यापर्यंत तिथेच असू द्यावी.

गेल्या दिवाळीला मी आईपुढे ती जुनी कुंडी धुऊन ठेवली. आधी ती नकोच म्हणाली. मग स्वतःच वाळू चाळून घेतली. यंदाची झड झाडाने ओसरीवरून पाहिली. आता आई त्याच्या फांद्या कापून सुकत घालते आहे. भाऊबीजेला माहेरी आलेल्या लेकींना द्यायला.