इन्स्पेक्टरबाईंची यादी

१९९३ सालच्या ऑक्टोबरातली सकाळ. न्यू जर्सीतल्या एका चर्चच्या तळमजल्यावर तीन खोल्या भाड्याने घेऊन मी डे-केअर सुरू करणार होते. लायसन्स मिळण्याआधीची तपासणी होती. इन्स्पेक्टरबाई आल्या, कोट काढला, आणि आता या भिंतीवरच्या चित्रांचं कौतुक करतील म्हणून मी हसऱ्या चेहऱ्याने उभी राहिले, तर बाई सरळ बाथरूममध्ये शिरल्या. नळ सोडून गरम पाण्यात थर्मामीटर धरला. सिंकखालचं कपाट उघडून बघितलं. खोल्या टेपने मोजल्या. मग चक्क गुडघ्यांवर बसल्या आणि रांगत्या बाळाच्या उंचीवरून चौफेर नजर फिरवली. दोन तासांनी माझ्या हातात त्रुटींची यादी आली. मोजून चौदा! मी 'थँक यू' म्हटलं आणि त्या गेल्यावर दार लावून मराठीत जे काही बोलले, ते या पुरवणीत छापण्याजोगं नाही.

पुढे बावीस वर्षं मी ते सेंटर चालवलं. इन्स्पेक्टर बदलत गेले, यादी मात्र लांबत गेली. पहिली काही वर्षं मी प्रत्येक नव्या नियमाला नाकं मुरडली. मग हळूहळू नाद लागला, की हा नियम आला कुठून? लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचू लागले. आपल्याकडे म्हणतात ना, 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.' ती यादी म्हणजे कुणाकुणाला लागलेल्या ठेचांची वहीच आहे. आज तिच्यातली काही पानं तुमच्यासमोर उघडते आहे.

पण त्याआधी, मी या धंद्यात का पडले ते सांगायला हवं. इतकी वर्षं ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

१९८६ साली आमचा मुलगा दहा महिन्यांचा होता. मी लॅबमध्ये नोकरीला, हे न्यूयॉर्कला ट्रेनने जाणारे. ओळखीतल्या एक काकू मुलं सांभाळायच्या. प्रेमळ, हाताला चव, मुलांना वरणभात भरवायच्या, शुभंकरोती म्हणून घ्यायच्या. आम्ही सातजण आपापली मुलं त्यांच्या बेसमेंटमध्ये सोडून निश्चिंत कामाला जात होतो. लायसन्स आहे का, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आपल्या माणसाला का कुणी कागद विचारतं?

एका दुपारी गॅसवरच्या कढईतल्या तेलाने पेट घेतला. बेसमेंटमधून वर यायला एकच जिना, आणि तो उघडायचा नेमका त्या स्वयंपाकघरात. काकूंनी धुरातून दोन-दोन मुलं काखेत मारून चार फेऱ्या केल्या. त्यांचा हात भाजला, मुलांना काही झालं नाही. संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी 'देवाची कृपा' म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली, तिसऱ्या दिवशी मुलाला दुसरीकडे घातलं, आणि काकूंना सांगितलं, 'ऑफिसच्या जवळ सोय झाली.' बाकीच्या सहाजणांना मी एका शब्दाने सांगितलं नाही, की त्या खोलीला बाहेर पडायला दुसरी वाट नाही. मी फक्त माझं मूल काढून घेतलं.

ते वाक्य मनात ठेवून मी हा इतिहास वाचत आले आहे.

पैसे घेऊन दुसऱ्याचं मूल सांभाळण्याचा व्यवहार जुना, आणि त्यावर देखरेख हवी ही कल्पना मानाने नवी. लंडनमध्ये १८७० साली मार्गारेट वॉटर्स या बाईला फाशी झाली. पैसे घेऊन तान्ही मुलं ठेवायची आणि त्यांना उपासमारीने, गुंगीच्या औषधाने मरू द्यायचं, असा तिचा धंदा होता. या प्रकरणाने खळबळ उडाली आणि १८७२ मध्ये इंग्लंडात अर्भक संरक्षणाचा कायदा झाला. वर्षाच्या आतली एकाहून अधिक मुलं चोवीस तासांपेक्षा जास्त काळ पैसे घेऊन ठेवायची असतील, तर नोंदणी सक्तीची झाली. पण 'एकाहून अधिक' हे शब्द नीट वाचा. एकच मूल ठेवणाऱ्या बाईच्या घरी कुणी डोकावणार नव्हतं. ही सूट काढून टाकायला १९०८ साल उजाडलं. कायद्याला उंबरठा असतो, आणि उंबरठ्याच्या अलीकडे कोण राहतं हे बघायला हवं, हा धडा मला इथे प्रथम मिळाला.

अमेरिकेत न्यूयॉर्कला १८५४ साली गरीब कष्टकरी बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर निघालं. अशी पाळणाघरं श्रीमंत बायकांच्या दानधर्मावर चालत. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात (हो, स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वधर्म परिषदेच्या सालीच) जोसेफिन डॉज या बाईंनी नमुन्याचं पाळणाघर मांडून दाखवलं, आणि १८९८ मध्ये अशा पाळणाघरांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. चांगलं पाळणाघर कसं असावं हे दाखवायला तेव्हा माणसं पुढे आली. वाईट असेल तर ते बंद कुणी करायचं, हा प्रश्न बराच काळ तसाच राहिला.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटलं. पुरुष आघाडीवर, बायका कारखान्यात. लॅनहॅम कायद्याखाली केंद्र सरकारने स्वतःच्या पैशाने हजारो बालकेंद्रं चालवली. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला कायझर कंपनीच्या जहाजांच्या गोदीपाशी १९४३ साली दोन केंद्रं निघाली. ती चोवीस तास उघडी असत, आणि पाळी संपवून निघालेल्या आईला घरी न्यायला शिजवलेलं जेवणही मिळे! युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये सरकारी पैसा बंद झाला. गरज सरो, वैद्य मरो!

१९६२ साली केंद्राने डे-केअरसाठी पुन्हा पैसा दिला, तो लायसन्स असलेल्या जागांनाच. त्यामुळे राज्यांच्या लायसन्स कचेऱ्यांना जोर आला. १९६८ मध्ये केंद्राने स्वतःचे निकष जाहीर केले. तीन वर्षांच्या पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवं आणि गटात पंधरापेक्षा जास्त मुलं नकोत, अशा तपशिलाचे. पण त्यांची अंमलबजावणी कधी धड झालीच नाही. १९७१ मध्ये काँग्रेसने देशभर बालसंगोपनाची व्यवस्था उभारण्याचं विधेयक मंजूर केलं, तर ९ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ते नाकारलं. मूल वाढवणं हे कुटुंबाचं काम, सरकारने सामुदायिक संगोपनाच्या बाजूने आपलं वजन टाकू नये, असा त्यांचा मुद्दा होता. १९८१ मध्ये ते १९६८ चे निकषही गेले. उरली ती पन्नास राज्यं आणि त्यांचे पन्नास नियम. आजही आमच्या न्यू जर्सीत चार तान्ह्या मुलांमागे एक शिक्षिका लागते, मेरीलंडमध्ये तिनांमागे, आणि जॉर्जियात सहांमागे एक चालते. बाळ काही राज्याप्रमाणे लहानमोठं होत नाही!

आता यादीतले काही नियम घेऊ.

बॉयलरची तपासणी. १३ ऑक्टोबर १९८० रोजी अटलांटात, बोवेन होम्स या सरकारी वसाहतीतल्या डे-केअरचा बॉयलर फुटला. चार मुलं आणि एक शिक्षिका गेली. त्या काळात अटलांटात कृष्णवर्णीय मुलांचे खून होत होते, म्हणून लोकांना आधी वाटलं की हा बॉम्बच. तो निघाला बिघडलेला बॉयलर.

अंगणाची पाहणी. १९८७ च्या ऑक्टोबरात टेक्सासमधल्या मिडलंडला दीड वर्षाची मुलगी आठ इंच रुंदीच्या विहिरीत पडली. नात्यातल्या बाईंच्या घरी मुलं सांभाळली जात, त्या घराच्या अंगणातली ती विहीर. अठ्ठावन्न तास अख्खा देश टीव्हीसमोर बसून होता. ती वाचली. तेव्हा इथे असलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला ती रात्र आठवत असेल.

पाळण्याचे गज. दोन गजांत २ ३/८ इंचांपेक्षा जास्त अंतर नको, हा नियम १९७३ चा. अंग निसटायचं आणि डोकं अडकायचं, म्हणून तो आला. एक बाजू खाली सरकणारे पाळणे २०११ मध्ये बंद झाले, आणि डे-केअरवाल्यांना ते बदलायला २०१२ च्या डिसेंबरअखेरपर्यंत मुदत मिळाली. मी एकदम नऊ पाळणे फेकले. पैशाचं दुःख झालंच.

पाळण्यात उशी नको, दुपटं नको, बाळ पाठीवरच झोपवायचं. १९९४ मध्ये 'बॅक टू स्लीप' मोहीम सुरू झाली आणि माझी आपल्या आज्यांशी गाठ पडली. पुण्याहून खास आणलेली मोहरीची उशी! 'अगं, डोकं गोल व्हायला नको का?' मी ती उशी प्रेमाने परत करायची आणि आजी महिनाभर माझ्याशी बोलायच्या नाहीत. पण त्या मोहिमेनंतर झोपेत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण या देशात निम्म्याच्या आसपास आलं.

आणि इमारतीचा इतिहास. हे आमच्याच राज्यातलं. ग्लॉस्टर काउंटीत, फ्रँकलिन टाउनशिपमधल्या एका डे-केअरच्या जागी पूर्वी थर्मामीटरचा कारखाना होता. २००६ साली तिथल्या हवेत पाऱ्याची वाफ सापडली, कित्येक मुलांच्या लघवीत पारा सापडला. आत चित्रं, खेळणी, सगळं जागच्या जागी होतं. जमिनीत काय मुरलंय ते कुणी विचारलं नव्हतं. जानेवारी २००७ मध्ये राज्याने कायदा केला, की जागेची पर्यावरण तपासणी झाल्याशिवाय लायसन्स नाही. माझ्या पुढच्या तपासणीत इन्स्पेक्टरने विचारलं, 'या जागी आधी काय होतं?' त्या दिवशी मी नाक मुरडलं नाही.

याच काळात लोकांची भीती मात्र भलतीकडे होती. कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचच्या एका बालवाडीवर १९८३ मध्ये भयंकर आरोप झाले, वर्षानुवर्षं खटले चालले आणि १९९० मध्ये एकही दोषी न ठरता सगळं संपलं. राक्षस शोधण्यात देशाची सात वर्षं गेली. बॉयलर, जिना, पाळण्याचे गज यांची बातमी होत नाही, मूल गेल्याखेरीज.

शेवटी २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती झाली. सरकारी अनुदानाच्या यादीतल्या लायसन्सधारक सेंटरांची वर्षातून एकदा तरी न कळवता तपासणी, कर्मचाऱ्यांच्या पार्श्वभूमीची चौकशी, आणि तपासणीचे अहवाल आईबापांना वाचता येतील असे खुले. १९७१ च्या नकारानंतर त्रेचाळीस वर्षांनी.

आपल्या देशातही हा विचार नव्हता असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. खोली उजेडाची, हवेशीर, स्वच्छ, आणि सांभाळणारी बाई शिकलेली हवी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण तिथेही उंबरठा होताच. आधी पन्नासपेक्षा जास्त कामकरी स्त्रिया असतील तर, पुढे १९७६ पासून तीसपेक्षा जास्त.

न्यू जर्सीचा उंबरठा सहा मुलांचा. १९८४ पासून सहा किंवा अधिक मुलं असली, की सेंटरचं लायसन्स हवं. पाचपर्यंत घरी सांभाळणाऱ्यांसाठी १९८७ साली नोंदणी आली, ती मुळात ऐच्छिक. म्हणजे काकूंच्या सात मुलांना कायद्याचं छत्र होतं. फक्त ते उघडायला आम्ही सात आईबापांपैकी एकाने फोन करायला हवा होता. 'आपल्या बाईला अडचणीत कसं आणायचं' म्हणून तो कुणी केला नाही. खरं तर अडचणीत आणायचीही गरज नव्हती. त्यांना बाहेर पडायला दुसरा दरवाजा काढायला सांगितलं असतं, आणि पैसे आम्ही सातजणांनी जमवले असते, तरी भागलं असतं.

काकू पुढे मुलाकडे टेक्सासला गेल्या. २००१ मध्ये एका लग्नात भेटल्या तेव्हा मी हिय्या करून त्यांना सगळं सांगितलं. हातावरचा डाग तसाच होता. त्या म्हणाल्या, 'अगं, मला ठाऊक होतं तू का नेलंस ते. मी वाट बघत होते, कुणीतरी मला सांगेल म्हणून. त्यानंतर चार वर्षं मी मुलं सांभाळली. रोज कढई चढवताना छातीत धडधडायचं.'

मंडळी, आता तुमच्या मुलांना मुलं झाली आहेत. नातवंडाला कुठे ठेवायचं हे तुम्हाला विचारलं जातं. कुणाच्याही घरी ठेवा, आपल्या माणसाकडे ठेवा, वरणभात जरूर मिळो. पण पहिल्या दिवशी एकदा बेसमेंटमध्ये उतरा, गुडघ्यांवर बसा आणि दुसरी वाट कुठे आहे ते बघा. आणि नसली, तर नुसतं आपलं मूल उचलून निघून येऊ नका.