मुंबईची मावळती

मुंबईंत पाहुणा आला म्हणजे सूर्यास्त पाहावयास त्याला कोठें न्यावें, असा प्रश्न यजमानाला पडतो. ‘चौपाटीवर’ हें उत्तर तोंडपाठ असतें. परंतु गिरगांवच्या वाळूंत बसून पश्चिमेकडे पाहिलें, तर समोर मलबार टेकडी उभी! सूर्य समुद्रांत न बुडतां टेकडीआड जातो.

शिवाय सूर्याचें स्थानहि रोज सरकतें. मुंबईहून पाहतां डिसेंबरांत तो नेमक्या पश्चिमेच्या सुमारें २५ अंश दक्षिणेस मावळतो, तर जूनमध्यें तितकाच उत्तरेस. म्हणून मरीन ड्राइव्हच्या मध्यावरून हिंवाळ्यांत तो पाण्यांत बुडतांना दिसतो आणि मे-अखेर टेकडीमागें लपतो. बाराहि महिने मोकळें क्षितिज पाहिजे असेल, तर नरिमन पॉइंटच्या टोकापर्यंत चालत जावें.

पण शंभर वर्षांपूर्वीं तें टोक पाण्याखालींच होतें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचे भाव कडाडले, तेव्हां त्या पैशाच्या जोरावर हा उपसागर भरून काढण्यास एक कंपनी निघाली. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले आणि कंपनीचे शेअर मातीमोल झाले. कांठाची जी पट्टी भरून झाली, तिच्यावरून पुढें आगगाडी धांवूं लागली.

१९२० नंतर सरकारनें तेंच काम पुन्हां हातीं घेतलें. खर्च फुगला, भराव टिकेना. खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलानें त्यांतील गैरकारभार चव्हाट्यावर आणला. त्याबद्दल त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला व त्यांतून ते निर्दोष सुटले. योजना आखडती घेण्यांत आली आणि १९४० च्या सुमारास मरीन ड्राइव्ह पुरा झाला. भरावाच्या त्या टोकास पुढें नांव मिळालें, तें या टीकाकाराचेंच!

उत्तरेकडे हाजी अलीजवळचा बांध याहून जुना. अठराव्या शतकांत गव्हर्नर हॉर्नबी याच्या वेळीं महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडार बुजविण्यासाठीं तो घातला. भरतीचें पाणी अडविणें हा हेतु. लोकांस फिरावयास कांठ लाभला, हा वरकड फायदा. आतां त्याच्याहि पुढें भराव पडून २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें किनारी रस्ता खुला झाला आहे. जुन्या बांधावर उभें राहणाऱ्याच्या आणि समुद्राच्या मध्यें आज मोटारी धांवतात.

समुद्रकिनारा म्हणजे नकाशावरील पक्की रेघ, असें मीं वर्गांत कित्येक वर्षें शिकविलें. मुंबईपुरतें तरी तें खरें नव्हे. येथें प्रत्येक पिढीनें ती रेघ पश्चिमेस ढकलली. कधीं पाणी अडविण्यासाठीं, कधीं जमीन विकण्यासाठीं, कधीं वाहनांसाठीं. सूर्यास्तासाठीं कोणीं भराव घातल्याचें ऐकिवांत नाहीं. तरी दिवसभर राबलेला माणूस घरीं परततांना घटकाभर टेकतो, तो याच कठड्यावर, आणि त्याला कोणी दाम मागत नाहीं. पुढें जो कोणी कांठ सरकवील, त्यानें एवढी बैठक तरी राखून ठेवावी, हीच विनंती.