सतरा वर्षांच्या मुलाची मिस्सा

१८१४च्या शरद ऋतूत नेपोलियननंतरच्या युरोपची वाटणी ठरवण्यासाठी राजेरजवाडे व्हिएन्नात जमत होते. त्याच सुमारास तिथल्या लिख्टेनटाल या उपनगरातले चर्च आपली शताब्दी साजरी करत होते. त्या सोहळ्यासाठी एक नवी मिस्सा गायली गेली. रचना आणि संचालन होते त्याच धर्मग्रामात वाढलेल्या सतरा वर्षांच्या फ्रान्झ शूबर्टचे.

वसईच्या ख्रिस्ती समाजात रुळलेला ‘मिस्सा’ हा शब्द मुळात उपासनाविधीचा. त्यातल्या ‘कीरिए’ ते ‘आग्नुस देई’ या ठरलेल्या प्रार्थना संगीतबद्ध केल्या, की त्या रचनेलाही मिस्साच म्हणतात. शूबर्टने ही एफ मेजरमधली मिस्सा १७ मे रोजी सुरू केली आणि २२ जुलैला संपवली. एकल गायक, समूहगान, वाद्यवृंद आणि ऑर्गन एवढा तिचा पसारा.

हे सारे दैवी प्रतिभेच्या खात्यावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण प्रतिभेला तालीम कुठे मिळाली, हेही पाहायला हवे. वडील शाळामास्तर, घरात ते चेलो, दोन भाऊ व्हायोलिन आणि फ्रान्झ व्हायोला वाजवत. याच चर्चचे गायनप्रमुख मिखाएल होल्ट्सर यांनी त्याला गायन आणि ऑर्गन शिकवले. १८०८पासून तो दरबारी चर्चच्या गायकवृंदात होता. आवाज फुटल्यावर तो वडिलांच्या वाटेने शिक्षकी पेशाकडे वळला. सालिएरींकडे संगीताचे धडे मात्र चालूच होते. शताब्दीच्या मिस्सेत ऑर्गनवर भाऊ फर्डिनांड होता आणि सोप्रानो गायली ती ओळखीच्या घरातली टेरेझे ग्रोब.

तरीही हा मुलगा निव्वळ आज्ञाधारक नव्हता. श्रद्धाप्रकटनाच्या प्रार्थनेतले ‘एकच, पवित्र, कॅथलिक’ चर्चवरच्या विश्वासाचे वाक्य या मिस्सेत नाही. त्याच्या सहाही लॅटिन मिस्सांत नाही. एवढ्यावरून त्याला नास्तिक ठरवणे घाईचे होईल, पण सहाही वेळा झालेली ही गाळणी निव्वळ विसराळूपणा वाटत नाही.

चर्चसंस्थेविषयी त्याचे मत काहीही असो, आपल्या चर्चमधल्या माणसांचे ऋण तो विसरला नाही. १८२५मध्ये त्याची सी मेजरमधली मिस्सा छापली गेली. ती त्याने अर्पण केली होल्ट्सर यांना.